कुसळाचा उतार

माझी नात सुट्टीत आली की टीव्हीवर बर्फातल्या शर्यती लावून बसते. दोन्ही पाय एकाच फळीवर बांधलेली एखादी पोरगी डोंगराच्या शेंड्यावरून सुटते, वळणं घेत खाली येते, आणि धाप थांबायच्या आत कुणीतरी तिच्या तोंडापुढं माइक धरतं. परवा एक जण अगदी शेवटाला येऊन पडली. उठून, नाकावरचा बर्फ पुसत तिनं सांगितलं की चूक माझीच, मी फार दडपण घेतलं. नात हळहळली. मी शेजारी शेंगा फोडत बसले होते. म्हटलं, "त्या उंचवट्यापाशी खाली बसायचं होतं हिनं." त्यावर नातीनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं बघून घेण्याची मला सवय आहे. आमच्या सांगलीचा मुलूख सगळा सपाट. लग्न होऊन आले तेव्हापासून मी इथल्या माणसांना उतार म्हणजे काय ते सांगते आहे, आणि माणसं "हो का?" म्हणून चहा टाकायला उठताहेत. तेव्हा आता सांगत बसण्यापेक्षा लिहूनच ठेवते. लिहिताना मधेच कुणी उठून जात नाही, एवढा तरी फायदा.

माझं माहेर साताऱ्याकडच्या डोंगरात. एकाच सोंडेच्या वरच्या अंगाला आमची वाडी, खालच्या अंगाला दुसरी. दोन्हीकडं सोयरेधायरे तेच. माझी सख्खी आत्या खालच्या वाडीत दिलेली. भांडायला कारण असं एकच होतं, ते म्हणजे गवत. डोंगराच्या एका उतारावर पवन्या गवत होतं, मऊ आणि गोड, म्हशीनं डोळे मिटून खावं असं. दुसऱ्या उतारावर सगळी कुसळी. तिचं कुसळ एकदा लुगड्याच्या काठात शिरलं की पुढच्या दिवाळीपर्यंत मुक्कामाला. जनावरांच्या तर ते तोंडात घुसायचं आणि हिरड्या सुजायच्या. डोंगर सामाईक, त्यामुळं पवन्याला पहिला विळा कुणी लावायचा हे दरसाल ठरवावं लागे. पहिला विळा ज्या वाडीचा, पवन्या तिचा. दुसरीनं कुसळी कापायची, तीही कुसळं गळून गेल्यावर, म्हणजे जवळजवळ काड्याच. हे पूर्वी काठ्यांनी ठरत असे म्हणतात. मग कुणा शहाण्यानं शर्यत काढली. दोन्ही वाड्यांनी एकेक फळी आणायची, तिच्यावर एकेक हलकं पोर बसवायचं आणि कुसळीच्या उतारावरून सोडून द्यायचं. खाली पिंपरणीच्या झाडापाशी राखेची रेघ मारलेली असे. जिची फळी रेघेपलीकडं पहिली, त्या वाडीचा पहिला विळा.

वाळलेली कुसळी किती निसरडी असते हे तिच्यावर आपटल्याशिवाय कळत नाही. आणि फळी म्हणजे तरी काय, पेरणीच्या आधी ढेकळं दाबून रान सारखं करायची ती लाकडाची फळी. बैल ती ओढतात आणि वजनाला वर एखादं पोर उभं करतात. आमच्या घरात ते वजन मी. फळीच्या दोन भोकांतून ओवलेली दोरी लगामासारखी धरायची, अनवाणी पाय रोवायचे आणि बैल नेतील तिकडं जायचं. ढेकूळ आलं की गुडघ्यांनी गिळायचं. मला चालायला आणि फळीवर उभं राहायला एकाच वर्षी आलं, असं आई सांगायची. चालण्याचं मात्र तिला शेवटपर्यंत पटलं नाही. मी सपाट अंगणात पडायची.

आमची फळी आली होती आईच्या माहेराहून, आष्ट्याकडच्या मामाच्या गुऱ्हाळातून. काहिलीपाशी बसायला म्हणून ती तिथं कैक वर्षं पडलेली. काकवीनं आणि गुळव्यांच्या बुडांनी घासून घासून ती अशी गुळगुळीत झाली होती की तिच्यावर माशी बसली तरी घसरावी. उन्हात ठेवली की अजून गुळाचा वास मारायची आणि मुंगळे यायचे. आई आष्ट्याची, काळ्या रानातली. डोंगरातल्या माणसांविषयी तिचं मत काही बरं नव्हतं. "आमच्याकडं गवतासाठी पोरं डोंगरावरनं ढकलत न्हाईत," ती म्हणायची. त्यावर काका म्हणायचे, "वैनी, तुमच्याकडं डोंगूर कुटं हाय? ढकलायचं म्हटलं तर हिरीतच ढकलावं लागंल." एका साली पहिल्यांदाच मला शर्यतीच्या फळीवर बसवलं आणि मी जिंकले. उकिडवं बसून, दोरी मुठीत धरून, डावी टाच गवतात टेकवत टेकवत. त्यात काही कौशल्य होतं असं मला वाटलं नाही. वर सोडलं, खाली पोचले.

कौशल्य शिरलं ते पुढच्या साली, दादा सुट्टीवर आले तेव्हा. दादा म्हणजे माझे वडील. फौजेत होते, लांब बर्फाच्या मुलखात. दसऱ्याच्या सुमारास ते ट्रंक घेऊन आले. ट्रंकेत आमच्यासाठी गोळ्या, आईला लोकरीची शाल (आमच्याकडं ती म्हशीच्या रेडकालाच उपयोगी पडली) आणि एक पितळेची शिट्टी. जिंकल्याचं त्यांना आधीच कळलं होतं. पायातले बूट काढायच्या आत त्यांनी मला विचारलं, "सुमे, बसून आलीस का हुबं ऱ्हाऊन?"

"बसून," मी म्हटलं.

दादांचं तोंड जरा उतरलं. "आमच्याकडं सायब लोक पायाला फळ्या बांधून बर्फावरनं येत्यात. वाऱ्यागत. पर हुबं! बसून काय, पोतं बी येतंय खाली."

आई चुलीवर भाकरी थापत होती. "आवं, तिला खाली यायचंय. सलामी द्यायची न्हाई कुणाला."

पण दादांच्या डोक्यात ते बसलं ते बसलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे शिट्टी वाजू लागली. शिट्टी वाजली की मी उठायचं, वाडीला पळत वळसा घालायचा, मग गोठ्याच्या ओट्यावर फळी ठेवून तिच्यावर उभं राहायचं आणि दादा ती खालून हलवायचे. "गुडगं मऊ! नजर म्होरं! रेडी!" दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे वाक, एक लांब म्हणजे ताठ हो. मी ते किती शिकले ते पुढं येईलच, पण म्हैस मात्र चार दिवसांत तयार झाली. लांब शिट्टी ऐकली की गोठ्यात धडपडत उभी राहायची आणि हंबरायची. अजून मला शिट्टी ऐकू आली, रेल्वेच्या गार्डाची का असेना, की आधी शेणाचा आणि ओल्या पेंडीचा वास येतो.

रोज एक कच्चं अंडं दुधात घालून प्यायचं असाही हुकूम होता. ते गोठ्यामागं नेऊन मी निम्मं मांजराला पाजायची. त्या साली आमचं मांजर फार तगडं झालं. दादांना माझे पाय सुतळीनं फळीला बांधायचे होते. तिथं मात्र आई चुलीपुढून उठूनच आली. "पोरीचं पाय बांधायचं न्हाईत," ती म्हणाली. "बांधायची हौसच आसंल तर म्हशीचं बांधा. लाथ मारती ती." पाय मोकळे राहिले. त्याबद्दल मी आईची आजन्म ऋणी आहे. नाहीतर हे लिहायला हातपाय जागेवर नसते.

दडपण हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता, पण ते कसं असतं ते कळत होतं. ते भुईमुगाच्या शेंगांच्या रूपानं येतं. आधी वाडीत मला कोण विचारत नव्हतं, आता जिकडं जावं तिकडं कुणीतरी उकडलेल्या शेंगा ओच्यात टाकायचं आणि म्हणायचं, "मग, गवात आपलंच न्हवं?" शेजारच्या काशीबाईंची एकुलती एक गाय त्या साली व्यायला झाली होती. काशीबाई रोज मला गोठ्यात नेऊन गाईचा ओठ वर उचलून हिरड्या दाखवायच्या. "बग, कशा गुलाबी हायत. कुसळीनं काय हुतं म्हाईत हाय न्हवं तुला?" मी मान हलवायची. गाय माझ्याकडं बघायची. आमची म्हैसही तेव्हा नुकती व्यालेली, घरात चहापासून आमटीच्या फोडणीपर्यंत सगळं तिच्यावर. मी जेवायला बसले की माझ्या पानात ताकाऐवजी दूध यायचं, आणि तेही मी मांजराकडं सरकवायची.

खालच्या वाडीकडून फळीवर बसणार होता पांडू, माझ्या आत्याचा मुलगा. माझ्याहून वर्षानं मोठा, अंगानं काटकी, नाक कायम वाहतं. आत्याची अवस्था अवघड. सकाळी पोराला शिकवायची आणि संध्याकाळी पाणी न्यायच्या निमित्तानं वर येऊन मला. "पांडू डाव्या अंगाला वडतो, तू उजव्या अंगानं ये," असं ती मला सांगायची. त्याला काय सांगत होती ते मला माहीत नव्हतं. पण शर्यतीत आम्ही दोघंही उजव्या अंगानंच आलो.

शर्यतीच्या दिवशी ऊन कडक पडलं होतं. गवत असं वाळलं होतं की वारा आला की सगळा उतार कागद चुरगाळल्यासारखा वाजायचा. खाली पिंपरणीपाशी दोन्ही वाड्या जमलेल्या. राखेच्या रेघेशी खालच्या वाडीचे तात्या, हातात काठी, दोन्हीकडं त्यांचा शब्द चालायचा. आत्या मुद्दाम उताराच्या मध्यावर उभी राहिली होती, म्हणजे कुठल्याच बाजूची दिसू नये. वर दादा, आम्ही दोघं आणि फळ्या. पांडू आपल्या फळीवर गप उकिडवा बसला होता. मी उभी. त्यानं खालून माझ्याकडं बघितलं आणि नाक ओढत विचारलं, "सुमे, बसत न्हाईस व्हय?"

"न्हाई."

"का गं?"

मी दादांकडं बघितलं. तेवढ्यात शिट्टी वाजली.

सुरुवातीचं मला लख्ख आठवतं, कारण तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही. पाच-सहा वर्षं ढेकळांवर जे गुडघे शिकले होते ते सगळं एकदम कामाला आलं. गवत सर्रर करून दोन्हीकडून मागं पळत होतं, परकर फडफडत होता, गुळाचा वास येत होता. पांडू मागं पडला. आत्याच्या बाजूनं गेले तेव्हा तिचं ओरडणं कानावर आलं, "दोगंबी नीट या रं!" आणि मग पुढं आली डुकराची पाठ. गवताखाली दडलेला कातळाचा एक उंचवटा होता, आम्ही पोरं त्याला तसं म्हणायचो. आदल्या साली मी तिथं पोटाशी गुडघे घेऊन घट्ट बसले होते. या साली माझे गुडघे आपोआप वाकायला लागले. त्यांना कळत होतं. त्याच वेळी वरून एक लांब शिट्टी आली. ताठ हो.

मी ताठ झाले. एवढंच असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण ताठ झाल्यावर मला वाटलं, दादांनी बघितलं का? आणि मी मागं वळून बघितलं.

नातीच्या टीव्हीवर अशा वेळी तेच तेच तीन-तीनदा दाखवतात, सावकाश. माझं एकदाच झालं आणि भरभर झालं. दादा वर डोंगरावर हात उंचावून उभे असलेले दिसले, मग आभाळ दिसलं, मग गवत, मग पुन्हा आभाळ. मी कोलांट्या खात करवंदीच्या जाळीत जाऊन थांबले. फळी थांबली नाही. ओझं उतरल्यावर बैल जसा निघतो तशी ती निघाली, सरळ, डौलात, पांडूच्या कितीतरी पुढं, आणि राखेची रेघ ओलांडून पिंपरणीच्या बुंध्याला जाऊन टेकली. तिला माझी काही गरज नव्हती, हे तिनं चारचौघांत दाखवून दिलं.

आमची वाडी नाचायला लागली. काकांनी फळी डोक्यावर घेतली. मग पांडू येऊन पोचला आणि खालची वाडी नाचायला लागली. मी जाळीतून निघून फरफटत खाली आले तोवर दोन्ही वाड्या एकमेकींच्या तोंडाशी तोंड लावून उभ्या होत्या.

"फळी पयली आली का न्हाई?" काका ओरडत होते. "फळीचंच ठरलंय आपलं! माणसाचं कुटं ठरलंय?"

"मग उद्या तुमी वरनं नुसती फळीच सोडा की!" खालच्या वाडीतलं कोणीतरी म्हणालं. "पोरगी कशाला दमवताय?"

"तुमच्या पांडूला शेंबूड पुसायला थांबायचं हुतं, त्याला आमी काय करणार!"

काठ्यांचे दिवस परत येतात की काय असं वाटायला लागलं. काशीबाई एकटक माझ्याकडं बघत होत्या. दादा धापा टाकत उतरून आले होते. शेवटी तात्यांनी काठी आपटली. "त्या पोरीला इच्यारा. फळी तिची. सुमे, तुजं म्हननं काय हाय?"

घरात ही गोष्ट सांगतात तेव्हा मी फार मोठा न्याय दिला असं सांगतात. खरं असं की माझ्या परकरात, केसांत, कानांत आणि सांगता येणार नाही अशा सगळ्या ठिकाणी कुसळं टोचत होती. मला फक्त घरी जायचं होतं. मी म्हटलं, "फळी आली, मी कुटं आले? पांडू आला. त्येला द्या इळा." आणि रडायला लागले.

तात्यांनी पांडूच्या हातात विळा दिला. त्यानं तो घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तरी म्हणत हुतो, बस." आत्यानं त्याच्या टाळक्यात एक दिली, जिंकल्यावर मार खाणारा दोन्ही वाड्यांत तो एकटाच असेल.

दिवेलागणीच्या आधी अंगणात दादा माझी कुसळं काढत बसले. आई आत भाकऱ्या थापत होती, जरा जोरानंच. दादांनी एकेक कुसळ उपटून दगडावर ठेवायचं आणि मी "आई गं" म्हणायचं. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "दादा, तुमी बर्फावर हुबं ऱ्हायला की पडत न्हाई?"

दादा कुसळ शोधत राहिले. मग म्हणाले, "मी कुटं हुबा ऱ्हातोय. मी लंगरात डाळ ढवळतो. सायब लोक जात्यात ते खिडकीतनं दिसतंय. एकदा एका सायबानं हौशीनं मला दिल्या फळ्या. म्हनला, चल जवान." त्यांनी एक कुसळ दगडावर ठेवलं. "दोन पावलं न्हाई गेलो. बसलो. बसलो म्हंजे पडलोच. अख्खी कंपनी हसली."

"मग मला का हुबं केलं?"

"बगायचं हुतं गं," दादा म्हणाले. "आपल्यातलं कोन हुबं ऱ्हातंय का ते." आणि पुढचं कुसळ उपटत, "ऱ्हायलीस की. डुकराच्या पाठीपातुर ऱ्हायलीस. लय झालं."

आतला भाकरीचा आवाज थांबला होता. आई दारात आली, मिरच्यांच्या खरड्याचा वास तिच्याबरोबर बाहेर आला. "चला," ती म्हणाली, "दोगंबी बसून जेवा. जेवताना हुबं ऱ्हायचं काय काम न्हाई."

त्या साली पवन्या खालच्या वाडीनं कापला. काशीबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या आणि आईला म्हणाल्या, कुसळी भिजवून, बडवून घातली तर गाय खाईल, या बडवायला. सगळ्या बायका बडवायला लागल्या. आणि आत्या रोज संध्याकाळी पाण्याच्या निमित्तानं वर यायची ती डोक्यावर घागरीऐवजी पवन्याचा भारा घेऊन. अर्धा आमच्या दावणीत, अर्धा काशीबाईंच्या. "म्हस माज्या म्हायेरची हाय," ती म्हणायची, "तिला वाडी कळत न्हाई." वाटेत तात्यांचं घर होतं. ती जायची त्या वेळेला तात्या नेमके पाठ करून तंबाखू मळत बसलेले असायचे.

दादांची सुट्टी संपली त्या दिवशी सकाळी शिट्टी वाजली नाही. म्हैस वाट बघून आपण होऊनच उठली. मी उठले तर दादा फौजेचे कपडे करून, पायांत लोकरीचे मोजे घालून अंगणात उभे, आणि खांद्यावर फळी. "एस्टीला टाईम हाय," ते म्हणाले. "चल."

आम्ही वर गेलो. कुसळीचा उतार अजून बराचसा तसाच उभा होता, आमच्या वाट्याचा. जनावरांना तो नको होता, पण घसरायला त्याच्यासारखा उतार साऱ्या मुलखात नव्हता. दादांनी फळी ठेवली, तिच्यावर चढले आणि दोरी हातात घेऊन ताठ उभे राहिले.

"बसा," मी म्हटलं.

"आगं, जरा बगतो तर..."

"आवं दादा, बसा गप."

दादा बसले. मी त्यांच्या पुढ्यात बसले, दोरी घेतली, डावी टाच टेकवली आणि सोडलं. दादा सगळ्या उतारभर ओरडत होते. आनंदानं की भीतीनं ते मला अजून सांगता येणार नाही. डुकराच्या पाठीवर फळी उडाली तेव्हा त्यांनी माझी वेणी धरली. खाली पिंपरणीपाशी, जिथं राखेची रेघ पुसट होऊन गेली होती, तिथं फळी सावकाश येऊन थांबली.

मी उतरले. दादा नाही उतरले. त्यांनी आधी खाली बघितलं, फळी हलत नाही याची खात्री केली. मग एक हात माझ्या डोक्यावर टेकवून ते हळूहळू उठले, गुडघे मऊ, नजर पुढं, मोज्यांत ही एवढी कुसळं. आणि त्या सपाट जमिनीवर, थांबलेल्या फळीवर, ताठ उभं राहून त्यांनी डोंगराला कडक सलामी ठोकली.

"बग," दादा म्हणाले. "जमलं."